पडद्याच्या मागच्या बाजूनं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या पेठेत मात्र त्यांची ओळख ‘मशीनवाले सर’ अशी होती. गणेशोत्सव आला की ते सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर भाड्यानं आणायचे, मारुतीच्या देवळासमोर दोन वासे रोवून पांढरा पडदा ताणायचे आणि आरती-प्रसाद आटोपला की सिनेमा सुरू करायचे. तिकीट नाही. सतरंजी ज्यानं त्यानं घरून आणायची. पडद्याच्या पुढच्या बाजूला पुरुषमंडळी बसत, आणि मागच्या बाजूला बायका आणि आम्ही पोरं.

मागच्या बाजूला. इथं बसलेल्या तरुण मुलांना हे सांगावं लागेल, की पातळ कापडाचा पडदा दोन्ही बाजूंनी दिसतो. फक्त मागून सगळं उलटं दिसतं. उजवा हात डावा होतो, डावा उजवा. त्यामुळे आमच्या लहानपणी सिनेमातली माणसं डावखुरी होती. नवरा डाव्या हातानं जेवायचा, सासू डाव्या हातानं कुंकू लावायची, आणि माझी आई माझ्या कानाशी लागून म्हणायची, “बघ, डाव्या हातानं वाढतेय.” तिला कारण ठाऊक होतं. तरी दर वेळी म्हणायचीच. आणि सिनेमाची नावं? तीही उलटी. मी तेव्हा दुसरीत होतो. सुलटं वाचतानाही अक्षराखाली बोट धरावं लागायचं, तिथं उलटं काय वाचणार? म्हणून त्या वयात पाहिलेल्या कितीतरी सिनेमांची नावं मला आजही ठाऊक नाहीत.

आज मी त्या सिनेमांविषयी बोलणार आहे. जे गाजले, ज्यांचे सुवर्णमहोत्सव झाले, ज्यांच्यावर पुस्तकं निघाली, त्यांच्याविषयी पुष्कळ बोलून झालं आहे. माझा विषय आहे तो जुना, कृष्णधवल, ‘सहकुटुंब पाहावा’ असं ज्याच्या जाहिरातीत लिहिलेलं असायचं आणि ज्याचं नाव आज कुणी घेत नाही, तो मराठी कौटुंबिक चित्रपट. थोर नसलेल्या, विसरलेल्या या चित्रपटाची ओढ आपल्याला का लागते? साठी ओलांडलेला माणूस रात्री जागून त्याचा पत्ता का शोधत बसतो?

एक साल घेऊ. १९५३. त्या एका वर्षात मराठीत काय काय आलं, ऐका. आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’ आली. तिला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि देशात पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या त्या पुरस्काराचा मान एका मराठी चित्रपटाकडे आला. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम महाराष्ट्रानं घराघरांत नेला. ‘श्यामची आई’ विसरली गेली नाही, जाणारही नाही. पण त्याच वर्षी ‘देवबाप्पा’ आला होता. राम गबाल्यांचा. त्याच वर्षी ‘गुळाचा गणपती’ आला, लेखन, दिग्दर्शन, संगीत, नायक, सगळं पु. ल. देशपांडे. आणि त्याच वर्षी शांताराम आठवल्यांचा ‘वहिनींच्या बांगड्या’ आला, य. गो. जोश्यांच्या कथेवरचा. सुलोचनाबाई त्यात वहिनी होत्या.

आता मी तुम्हाला विचारतो, आणि हात वर करायला लावत नाही: या सभागृहात ‘देवबाप्पा’ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेले किती जण आहेत? फार थोडे असतील. आणि ‘नाच रे मोरा’ ज्याला पाठ नाही असं कुणी आहे? एकही नसेल. ते गाणं ‘देवबाप्पा’मधलं. गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशाबाईंचा आवाज. बालवाडीतलं पोर ते म्हणतं, त्याची आजी ते म्हणते, आणि ज्या चित्रपटाच्या पोटातून ते जन्मलं तो चित्रपट दोघांनीही पाहिलेला नसतो.

‘इंद्रायणी काठी’चंही तेच. भीमसेनजींच्या मैफलीत लोक ते ऐकून डोळे मिटायचे. हा कुठल्या संताचा अभंग, असं मला आजवर अनेकांनी विचारलं आहे. तो गदिमांनी लिहिला ‘गुळाचा गणपती’साठी. एका चित्रपटातलं गाणं वारकऱ्यांच्या अभंगांच्या रांगेत जाऊन बसलं, आणि चित्रपट बाहेरच राहिला. ‘वहिनींच्या बांगड्या’चं तर आणखी वेगळं. १९६१ साली त्याच कथेवर हिंदीत ‘भाभी की चूड़ियाँ’ निघाला, मीनाकुमारी आणि बलराज साहनींना घेऊन. संगीत आपल्या बाबूजींचं, सुधीर फडक्यांचं. त्यातलं ‘ज्योति कलश छलके’ साऱ्या देशानं ऐकलं. मूळची मराठी वहिनी मागं राहिली.

मला यात तक्रार करायची नाही. पूर येतो तेव्हा घर जातं आणि देवघरातली एखादी हलकी लाकडी पेटी तरंगत पुढच्या गावाला लागते, तशी ही गाणी आपल्यापर्यंत आली. पण पेटी हातात आली की ती कुणाच्या घरची, हे विचारावंसं वाटतंच ना? मला वाटतं, माझ्या वयाच्या माणसांच्या या ओढीतला एक भाग हाच आहे. गाणं कानात आहे, आणि त्याचं घर कुठं होतं ते आठवत नाही.

पण हा एक भाग झाला. खरी गोष्ट याहून खोल आहे, आणि ती सांगायला मला पुन्हा त्या पडद्यामागं जावं लागेल.

एक सिनेमा होता. नाव माहीत नाही. वाड्यातला एक जिना, उजव्या हाताला. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर माझ्याच वयाचा एक मुलगा बसलेला, हातात पाटी. खाली स्वयंपाकघरात त्याची आई. ती आधी दाराकडं बघते. मग फडताळातून एक डबा काढते, त्यात कोपरापर्यंत हात घालते आणि डाळीच्या तळातून गाठ मारलेला एक रुमाल वर काढते. रुमालात पैसे. ती मोजते. पोरगा वरून बघतोय, हे तिला ठाऊक नाही. ती रुमालाची गाठ पुन्हा बांधते, आणि तेवढ्यात पडदा पांढरा फटक झाला. रीळ संपलं.

सोळा मिलिमीटरचं मोठं रीळ पाऊण तासाच्या आसपास चालतं. मशीन एकच, त्यामुळे ते संपलं की थांबायचं, दिवा लावायचा, नवं रीळ चढवायचं, पट्टी दातेरी चाकांतून ओवायची, तिचं वेटोळं नीट राखायचं, मगच पुन्हा सुरू. सर शांतपणे करायचे ते. पाच-सात मिनिटं जायची. त्या रात्री दिवा लागला आणि मी आईकडं पाहिलं. आमच्या घरीही पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात असायचे. मला ते माहीत होतं. आईला वाटायचं, कुणालाच माहीत नाही. दिवा लागला तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती. पदर सारखा करत होती, पुन्हा पुन्हा तोच पदर. मग तिनं एकदम माझ्याकडं पाहिलं, आणि तिला कळलं की मला ठाऊक आहे. ती हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दिवा जाईपर्यंत तसाच ठेवला.

पुढच्या रिळात काय झालं, मला एक अक्षर आठवत नाही.

मंडळी, ‘श्यामची आई’ मी किती वेळा पाहिली असेल? शाळेत पाहिली, दूरदर्शनवर पाहिली, मुलांना घेऊन पाहिली, आता नातवंडांबरोबर पाहतो. दर पाहण्यानं आधीचं पाहणं पुसलं गेलं. आज मला ‘श्यामची आई’ आठवते ती शेवटच्या वेळची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेजारी कोण होतं, ते गेलं. गाजलेल्या चित्रपटाचं असंच होतं. तो सगळ्यांचा असतो, सतत हाताशी असतो, आणि आपल्याबरोबर मोठा होत जातो. पण जो चित्रपट एकदाच पाहिला, ज्याचं नाव कळलं नाही, जो पुन्हा कुठं लागला नाही, त्याच्यावर दुसरं काही चढलं नाही. तो तिथंच थांबला, दुसरीतल्या पोराच्या उंचीवर. त्यात माझ्या आईचा हात अजून माझ्या मांडीवर आहे. तिला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

तो चित्रपट मी शोधत आलो. ज्येष्ठांना विचारलं. एकानं एक नाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं, प्रत्येक जण ठामपणे. जुन्या प्रती मिळतील तिथून मिळवून पाहिल्या. वाडे पाहिले, जिने पाहिले, आणि उजवीकडं जिना नसला की पुढं सरकायचो. कैक वर्षं हे चाललं. आणि एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं, की आपण मागच्या बाजूला बसलो होतो! माझ्या आठवणीत जिना उजवीकडं आहे, म्हणजे चित्रपटात तो डावीकडं असणार. इतकी वर्षं मी उलटा जिना शोधत होतो. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. अजून सापडलेला नाही.

आणि या शोधात, ज्यासाठी निघालो ते हाती आलं नाही तरी, दुसरं खूप मिळालं. हे मला आवर्जून सांगायचं आहे. हे पन्नाशी-साठीच्या दशकांतले चित्रपट एकामागून एक पाहताना मी कथा बघणं सोडलं आणि कडेकडेनं बघू लागलो. कथा पुष्कळदा एकसारख्या असतात. विधवा आई, कष्टाळू वहिनी, शहरात जाऊन बदललेला धाकटा, गैरसमज, आजारपण, पश्चात्ताप. पण कडेला काय आहे? शिंकाळं आहे. बंबातून निघणारा धूर आहे. दांडीवर वाळणारं नऊवारी लुगडं काठीनं कसं सरकवायचं, ते आहे. सेट स्टुडिओत उभारलेला, भिंत कापडाची, हे सगळं मान्य. पण बाईनं तापलेलं पातेलं पदरानं धरून उतरवावं आणि उतरवता उतरवता बोटं झटकावीत, ती झटकणी कुठल्या दिग्दर्शकानं शिकवलेली नाही. ती घरून आलेली. सुलोचनाबाई पाटावर बसलेल्याला वाढताना क्षणभर हात थांबवतात, ‘आणखी?’ असं न विचारता विचारतात. माझी आजी तसंच थांबायची.

आणि बोलणं! ‘वन्सं’, ‘भावोजी’, ‘मामंजी’, ‘जाऊबाई’. आज नणंदेला वन्सं म्हणणारी सून शहरात सापडणार नाही. तिनं म्हणावं असा माझा आग्रहही नाही. पण तो शब्द कसा उच्चारायचे, त्यात आदर किती आणि धाक किती, आवाज कुठं खाली यायचा, हे छापील पानावर उरत नाही. शब्दकोशात ‘वन्सं’चा अर्थ मिळेल. माजघराच्या उंबऱ्याशी उभं राहून, अर्धा पदर ओढून घेत म्हटलेलं ‘वन्सं’ ऐकायचं असेल तर या विसरलेल्या चित्रपटांकडंच जावं लागेल.

आता एक आक्षेप, आणि तो खरा आहे. माझी मुलगी मला विचारते, “बाबा, या सिनेमांत बायका नुसत्या सोसतात. तुम्हाला यात गोड काय वाटतं?” मी तिला टाळलेलं नाही आणि तुम्हालाही टाळणार नाही. हो, सोसतात. चित्रपट त्यांचं सोसणं देव्हाऱ्यात नेऊन बसवतो. वहिनी झिजते, आणि झिजली म्हणून थोर ठरते. ज्या घरांत हे पाहिलं गेलं तिथल्या सुनांना उद्या सकाळी उठून तेच करायचं होतं. या चित्रपटांनी किती जणींना ‘असंच असतं’ असं शिकवलं असेल, याचा हिशेब कुणी केलेला नाही. तो करायला हवा. जुन्या गोष्टीवर माया आहे म्हणून तिचा दोष झाकायचा, हे मला पटत नाही.

पण मुलीला मी आणखी एक सांगतो. पडद्यामागं बसलेल्या त्या बायका मी पाहिल्या आहेत. घरात त्यांना रडायची सोय नव्हती. सासूसमोर नाही, दिरासमोर नाही, मुलांसमोर नाही. चुलीच्या धुराचं निमित्त पुरेल तेवढंच. आणि इथं अंधारात, शेजारणीच्या खांद्याला खांदा लावून, पडद्यावरच्या बाईसाठी म्हणून त्या पोटभर रडायच्या. कुणासाठी रडताय, असं कुणी विचारत नव्हतं. रीळ बदलायला दिवा लागला की सगळ्यांचे डोळे लाल, आणि सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. मग कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा काढायची. पुरुष पुढच्या बाजूला, सुलट्या सिनेमासमोर, विड्या ओढत बसलेले. त्या रात्री मागच्या बाजूला बायकांचं एकमेकींशी जे न बोलता बोलणं झालं, ते चित्रपटानं शिकवलेल्या सोसण्याच्या बरोबर उलट होतं. मुलगी गप्प बसते. तिला पटतं असं नाही. पण ऐकते.

पुढं २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आमच्याकडं संच यायला आणखी बराच काळ लागला. मग पडद्याची जागा एका घरच्या पेटीनं घेतली, दाराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला आणि पेठ त्या घरात मावेनाशी झाली. मागची बाजू मात्र त्या दिवसापासून राहिली नाही. टीव्हीला मागून बघता येत नाही.

आता ती रिळं कुठं गेली, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. सरांचं नाव घेऊन उभा आहे, तर रिळांविषयी बोललंच पाहिजे.

१९५०च्या सुमारापर्यंत मोठ्या पडद्याची फिल्म नायट्रेटची असे. ती भयंकर पेट घेते, इतकी की पाण्यानंही विझत नाही. त्यानंतर आली ॲसिटेटची, ‘सुरक्षित’ म्हणवणारी. ती सहजी पेट घेत नाही, पण दमट हवेत कुजते. डबा उघडला की शिरक्याचा आंबूस वास येतो आणि पट्टी आकसून वेडीवाकडी झालेली असते. जी आगीतून आणि दमटपणातून वाचली तिला माणसानं गाठलं: फिल्मवर चांदीचा अंश असतो, तो काढून घेण्यासाठी जुन्या प्रती विकल्या गेल्या. आपल्या देशात हजाराहून जास्त मूकपट निघाले. त्यांतले अखंड उरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत नाही.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर नावाच्या माणसानं त्यासाठी आयुष्य दिलं. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे वाचलेले तुकडे त्यांनी मिळवले म्हणून आज ते आपल्याला दिसतात. त्यांत १९१९चा ‘कालिया मर्दन’ आहे. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होताना आधी ती मुलगीच समोर येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, मग कृष्ण होते. बाप कॅमेऱ्यामागं, लेक कॅमेऱ्यासमोर. शंभर वर्षांपूर्वीच्या एका घरातल्या मुलीचं हसू. याहून कौटुंबिक चित्रपट कुठला?

नायरांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चांगला तेवढाच चित्रपट जपायचा, हे त्यांनी मानलं नाही. जे हाती येईल ते ठेवायचं. कोणता चित्रपट उद्या कुणाला कशासाठी लागेल हे आज ठरवणारे आपण कोण? माझ्या त्या जिन्याच्या चित्रपटाला कुठल्याही निवड समितीनं जागा दिली नसती. डाळीच्या डब्यातल्या रुमालाला कोण पारितोषिक देणार? आणि एवढं जपूनही २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागलीच. प्रभातच्या काळातल्या मूळ निगेटिव्ह तिच्यात गेल्या. ती बातमी सरांनी वाचली त्या दिवशी मी त्यांच्याकडं होतो. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

म्हणून सरांच्या घरच्यांच्या परवानगीनं मी आज एक करतो आहे. बाहेर पायऱ्यांपाशी मेजावर एक जाड वही ठेवली आहे. जाताना थांबा. एखादा जुना घरगुती सिनेमा तुमच्या मनात अडकला असेल तर तो तीत लिहा. नाव आठवत असेल तर नाव, नसेल तर एखादा प्रसंग, एखादी ओळखीची वस्तू, एखाद्या बाईचा आवाज. माळ्यावर पत्र्याचे गोल डबे पडले असतील तर तेही लिहा. ते उघडू नका, उन्हात ठेवू नका, आम्हाला कळवा. कुठं पाहिला ते लिहा, तंबूत, देवळासमोर, शाळेच्या पटांगणात. रीळ बदलताना शेजारी कोण बसलं होतं तेही लिहा.

आणि पडद्याच्या कोणत्या बाजूला बसला होतात, ते लिहायला विसरू नका. जिना कोणत्या हाताला शोधायचा ते त्यावरून ठरेल.